मागचा शिपाई

सुनीताईबद्दल नेरमध्ये कुणालाही विचारा, 'बापाची सेवा करणारी गुणी पोरगी' असंच सांगतील. मला या वाक्याची चीड आहे. गुणी म्हटलं की माणसाला बांधायला वेगळा दोर लागत नाही. मी तिच्या समोरच्या घरात वाढले, तिच्या खांद्याला खांदा लावून लढले, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा माझा हक्क त्या लोकांपेक्षा जास्त आहे. ती गुणी होतीच. पण ती रागीटही होती, हट्टी होती, आणि व्हिडिओ गेममध्ये तिचा नेम इतका पक्का होता की झाडामागचा दुश्मन पुरता बाहेर येण्याआधीच आडवा व्हायचा.

मी कशफ, रहमत मिस्त्रींची धाकटी. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अब्बांचं वर्कशॉप होतं. शेतातल्या पाण्याच्या मोटारी कमी-जास्त विजेने जळायच्या आणि अब्बा त्यांच्यात तांब्याची नवी तार भरून द्यायचे. गल्ली ओलांडली की सुनीताईचं घर. तिचे वडील नंदकिशोर नाना तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय हा माणूस अंगणातल्या झाडांना पाणीसुद्धा घालत नसे. सुनीताईची आई मी शाळेत असतानाच वारली होती आणि थोरला भाऊ, मंदारदादा, नागपूरला नोकरीला होता.

बी.कॉम. झाल्यावर सुनीताई गल्लीच्या टोकाच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये हिशेबाला लागली होती. सकाळी साडीच्या निऱ्या सारख्या करत निघायची तेव्हा मी ओट्यावर दात घासत तिच्याकडे बघत असे. मोठेपणी आपणही असंच पर्स लटकवून कुठेतरी जायचं, एवढंच मला कळायचं. पण ती कपाशीची वाईट वर्षं होती. जिनिंग आधी अर्धाच सीझन चालू लागली, मग एका दिवाळीनंतर उघडलीच नाही. पूर्वी त्या दिवसांत आमच्या कडुनिंबावर, विजेच्या तारांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर रुईचा भुरका बसायचा आणि अम्मी जिनिंगवाल्याला शिव्या घालायची. त्या वर्षी कपडे स्वच्छ वाळले. अम्मीने शिव्या घातल्याच.

त्याच हिवाळ्यात नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. डावा हात, डोळे आणि समज तेवढी शाबूत राहिली. मंदारदादा आला, आठवडाभर धावपळ केली, आणि निघताना अब्बांना म्हणाला, "एक बरं झालं मिस्त्री, सुनीती घरीच आहे आता." वाईट मनाने म्हणाला नसेल. पण गल्लीत उभं राहून ते वाक्य मी ऐकलं, आणि एखाद्या घराला बाहेरून कडी लावल्याचा आवाज यावा तसं मला वाटलं.

आता नानांच्या खाण्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं अडलं होतं ते तिथे. नाना फक्त आपल्या दोन लेकरांच्या हातून खायचे. मथुराबाई, त्यांच्याकडे भांडी घासायला यायची, ती घास घेऊन गेली तर नानांचं तोंड भिंतीकडे. मी गेले तरी भिंतीकडे. मला वाटलं, आमच्या हातचं चालत नसेल, आणि मी रागाने बरेच दिवस त्यांची पायरी चढले नाही. मग मंदारदादाची बायको आली, तिलाही भिंतच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घास त्यांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर यायचा, वरण हनुवटीवरून गळ्यात उतरायचं. ज्या माणसाने कचेरीत हाताखालच्या लोकांसमोर कधी डबा उघडला नाही, त्याला हे तोंड कुणाला दाखवायचं नव्हतं.

दुपारच्या जेवणावर त्यांची गोळी होती. जेवण नाही तर गोळी नाही. एकदा सुनीताई मैत्रिणीच्या लग्नाला अमरावतीला गेली, उगाच नाही, वर्षभरात पहिल्यांदा. ती परत येईपर्यंत नाना उपाशी, गोळी तशीच डबीत, आणि त्याच दिवशी त्यांना जीपमध्ये घालून यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागलं. वाचले. पण त्यानंतर सुनीताई नेरच्या बाहेर गेली नाही. तिच्या चपला कायम दारात. मी कॉलेजातून येताना आधी तिकडे बघायचे. त्याच जागी, एकमेकींना चिकटून, पट्ट्यांवर धूळ बसलेल्या.

नानांच्या पलंगाशेजारी स्टीलचा गिलास असे आणि डाव्या हाताशी चमचा. पाणी हवं, टण. कूस बदलायची, टण. नाकावर माशी बसली, टण. आमच्या घरात अम्मी पोळ्या लाटताना मला तो आवाज यायचा आणि माझंच डोकं उठायचं. सुनीताई एकदा म्हणाली, "मले तं झोपेतबी तेच वाजताना ऐकू येते." म्हणाली आणि हसली, पण हसताना तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

व्हिडिओ गेम आला तो मंदारदादाच्या क्षितिजचा. दिवाळीत पोरगं घेऊन आलं आणि परत जाताना विसरलं. टीव्हीला जोडायचा डबा, त्यावर खोचायची कॅसेट आणि वायरला बांधलेले दोन रिमोट. कॅसेटवर नऊशे नव्व्याण्णव गेम असल्याचं छापलं होतं. निघाले सात-आठ, तेच पुन्हा पुन्हा नावं बदलून. वायरी कुठे खोचायच्या ते सुनीताईला कळेना म्हणून तिने मला हाक मारली. मिस्त्रीची पोरगी ना मी! टीव्ही नानांच्या खोलीत होता. नानांनी डोळे मिटले होते, बहुतेक आमच्या पोरकटपणावर.

त्यातला एकच गेम दोघांनी मिळून खेळायचा होता. एक लाल शिपाई, एक निळा. जंगल, पूल, दऱ्या, समोरून-मागून दुश्मन. बाकीच्या गेममध्ये एकमेकांना हरवायचं. इथे दोघांचा दुश्मन एकच. मी निळा घेतला, ती लाल. पहिल्या दिवशी आम्ही दोघी पहिल्याच पुलावरून खाली पडलो आणि मी इतकी खिदळले की मथुराबाई हातातलं भांडं घेऊन बघायला आली.

मी धावणारी. सुनीताई एकेक झाड बघून येणारी. आणि गेमचा नियम असा की चित्र पुढे सरकायला दोघं पुढे यायला हवेत. एक मागे राहिला की दुसरा पडद्याच्या कडेला जाऊन भिंतीला आपटल्यासारखा जागच्या जागी धावत राहतो.

"ताई, चाल न वं! मी इथं कडेले चिपकून राह्यली!"

"थांब. त्या दगडामागं एक हाय."

"कोनी नाई तिथं!"

मग दगडामागून तो निघायचा, मला गोळी लागायची, आणि सुनीताई शांतपणे त्याला आडवा करून म्हणायची, "कोनी नव्हतं न?"

प्रत्येकाला मोजक्या जान मिळायच्या. माझ्या आधी संपायच्या, हे सांगायला नकोच. पण त्यातही एक सोय होती. ज्याच्या संपल्या त्याने बटण दाबलं की जोडीदाराच्या शिल्लक जानमधली एक त्याच्याकडे येई आणि तो पुन्हा आभाळातून टपकन खाली उतरे. बटण नाही दाबलं तर तो गेला तो गेलाच. मग उरलेल्याला कुणासाठी थांबावं लागत नसे, चित्र त्याच्या एकट्याबरोबर सरकायचं. मी दर वेळी बटण दाबायचे. सुनीताई ओरडायची, "चोट्टी! माह्या जान खाते!" आणि तरीही माझ्यासाठी एखादी जास्तीची जान मिळवायला उंच फळीवर उडी मारायची. हळूहळू आमचं जमत गेलं. वरचे तिचे, खालचे माझे. मी उडी मारली की ती समोरच्याला गुंतवून ठेवणार, हे तोंडाने सांगावं लागेना. दुपारी नानांचं जेवण आणि गोळी झाली की ती खिडकीतून नुसती बघायची आणि मी गल्ली ओलांडायचे. जिनिंग बंद झाल्यापासून तिचा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. त्या खोलीत तो पुन्हा ऐकला. "मार! मार! वरून येऊन राह्यला!" असं ती ओरडायची, पदर कमरेला खोचून, आणि मला इतका आनंद व्हायचा की माझा शिपाई मेला तरी मला कळायचं नाही.

पण लाइट! भारनियमनाची ती वर्षं. कागदावर वेळापत्रक होतं, आणि ते पाळायची सक्ती बहुधा फक्त आमच्यावर होती. आम्ही पाचव्या स्टेजला पोचलो की फट्. पडदा काळा. लाइट आली की पुन्हा पहिलं जंगल, पहिला पूल. पुढे काय आहे ते आम्हाला कधी दिसलंच नाही. मी चिडून अंगणात जायचे. सुनीताई रिमोट हातात धरून काळ्या काचेकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "माह्यं सगळं असंच हाय कशफ. थोडं पुढं गेली की पहिल्यापासून." तेवढ्यात टण वाजलं आणि ती उठली.

मी घरी जाऊन अब्बांसमोर पाय आपटले. अब्बांनी मोटारीतून डोकं वर न काढता सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी हातगाडीवर ट्रॅक्टरची बॅटरी ठेवून स्वतः सुनीताईच्या दारात उभे राहिले. सोबत वर्कशॉपमधला छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. तो बॅटरीवर चालायचा. त्याच बॅटरीवरून गेमलाही तार ओढून दिली.

"लाइटच्या भरोशावर काहून बसता पोरीहो?" अब्बा म्हणाले. "अन् नाना, तुम्ही बी पाहा. नुसतं छत काय पाहता?" असं म्हणून त्यांनी टीव्ही स्टुलावर ठेवला, नानांच्या अगदी समोर.

नव्या टीव्हीची एक गंमत झाली. त्यात लाल-निळं काही कळेना. दोन्ही शिपाई राखाडी. मी माझा समजून तिचा बघत बसायचे आणि माझा दरीत. "तू कोण? मी कोण?" यावरच निम्मी लढाई. अशाच गोंधळात एकदा टण वाजलं. सुनीताई रिमोट ठेवायला निघाली. पुन्हा टण, जोरात. तिने वळून बघितलं तर नानांचे डोळे तिच्याकडे नव्हते, पडद्यावर होते. आमच्या मागून दुश्मन आला होता. मी वळून गोळी घातली. नानांच्या अर्ध्या तोंडातून एक आवाज निघाला. सुनीताई म्हणाली, नाना हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा.

त्या दिवसापासून ते आमचे पहारेकरी. मागून कुणी आलं की टण. सुनीताई त्या आवाजाला दचकायची थांबली. एका दुपारी मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी माझा रिमोट उशीवर ठेवला आणि उशी नानांच्या मांडीवर. रिमोटच्या डाव्या बाजूला शिपायाला चालवायचं बटण असतं, उजव्या बाजूला गोळीचं आणि उडीचं. नानांचा डावा अंगठा चांगला होता. मी त्यांच्या उजवीकडे पलंगावर जाऊन बसले, खांद्याला खांदा लावून, आणि उजवीकडची बटणं मी धरली. एक शिपाई, दोन माणसं. त्यांनी चालवायचं, मी लढायचं.

काय सांगू! आम्ही पहिल्याच दरीत गेलो. मग दुसऱ्यांदाही. नाना उडीसाठी थांबायचे आणि मी मारायचे गोळी. मला गोळी मारायची असायची तेव्हा ते मागे वळायचे. सुनीताई हसून हसून खाली बसली. पण नाना चिकाटीचे, कचेरीतले. ते काठावर आले की अंगठ्याने माझ्या बोटावर टोचायचे, म्हणजे उडी. थोड्याच दिवसांत आम्ही पुलावरून जाऊ लागलो. मात्र चालायचे फार सावकाश. सुनीताईपेक्षाही सावकाश. आता कडेला जाऊन अडकायची ती. "नाना, या न लवकर!" ती म्हणायची आणि नाना आणखी हळू यायचे. मला वाटतं, मुद्दाम.

पुढच्या थंडीत दोन गोष्टी एकदमच आल्या. माझं लग्न ठरलं, दारव्ह्याला. आणि यवतमाळच्या एका पतसंस्थेत हिशेबनीस हवी होती, तिथून सुनीताईला फोन आला, मुलाखतीला या. अर्ज तिने माझ्या कटकटीला कंटाळून केला होता. तिने मंदारदादाला विचारलं. तो आदल्या दिवशी येतो म्हणाला. त्याच्या हातून नाना खातील, गोळी घेतील, आणि ती सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येईल. तिने ठेवणीतली साडी इस्त्री केली. चपलांवरची धूळ पुसली. मी ते बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं, उगाच नजर लागायची.

आदल्या दिवशी दुपारी मंदारदादाचा फोन आला. नानांच्या खोलीतच फोन होता, म्हणून मला आणि नानांनाही ऐकू गेलं. सुनीताई फक्त "बरं" म्हणत होती. "बरं. साहेब नाही म्हणाले तर काय करणार. बरं. नाही, मी नाही जात मग. पुन्हा कधीतरी." तिने फोन ठेवला. ती रडली नाही. ती बॅटरीजवळ गेली, तारा लावल्या आणि म्हणाली, "बस कशफ. खेळू."

"ताई, मी हाय न उद्या. मी भरवते."

"तू भरवशीन अन् ते खातीन?" ती नानांसमोर हे असं कधी बोलली नव्हती. "गेल्या वेळी काय झालं ते पायलं न तू? बस. मले खेळू दे."

मी नानांच्या उजवीकडे बसले. खेळ सुरू झाला. सुनीताई अशी काही खेळत होती की मला भीती वाटली. न बोलता, दात आवळून, एकेकाला आडवा करत ती पडद्याच्या उजव्या कडेला पोचली आणि अडकली. आमचा शिपाई मागे, पहिल्या झाडाशी उभा. मी नानांकडे बघितलं. त्यांचा अंगठा बटणावर होता, पण दाबत नव्हता.

"नाना, चला न," मी म्हणाले.

सुनीताईचा शिपाई कडेला जागच्या जागी धावत होता. तिने नुसतं बटण दाबून धरलं होतं. मग नानांचा अंगठा हलला. आमचा शिपाई चालू लागला, पुलापर्यंत आला, आणि मी उडी मारायच्या आधीच सरळ दरीत गेला. मला वाटलं, चुकलं. तो पुन्हा आभाळातून उतरला. नानांनी त्याला पुन्हा काठावर नेलं आणि खाली घातलं. पुन्हा उतरला, पुन्हा खाली. आता मी उडीचं बटण दाबत होते, तरी ते त्याला मागे वळवून दरीतच नेत होते. आमच्या सगळ्या जान संपल्या.

सवयीने माझा अंगठा बटणावर गेला, सुनीताईची एक जान मागायला. नानांनी रिमोट सोडला आणि डाव्या हाताने माझा अंगठा धरला. लकव्याच्या माणसात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी तो धरूनच ठेवला. पडद्यावर आमचा शिपाई नाहीसा झाला, आणि इतका वेळ अडलेलं चित्र सुनीताईच्या एकट्या शिपायाबरोबर पुढे सरकायला लागलं.

सुनीताईने रिमोट खाली टाकला. "काहून असं करता, नाना? मुद्दाम काहून मरता?"

नानांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. कपाळावरची शीर फुगली.

"जा," ते म्हणाले.

एवढंच. पण स्पष्ट. सुनीताई त्यांच्या पायाशी बसून इतकी रडली की मथुराबाईने येऊन तिला उठवलं. मीही रडले. माझा अंगठा अजून त्यांच्या मुठीत होता.

दुसऱ्या दिवशी ती गेली. एसटी स्टँडवर अब्बांनीच तिला स्कूटरवर सोडलं. गल्लीच्या टोकाला तिने वळून घराकडे बघितलं आणि मी हाताने 'जा, जा' केलं. तोवर सगळं सोपं वाटत होतं.

मग दुपार झाली. मी वरणभात कालवून, मऊ करून, नानांसमोर खुर्ची ओढून बसले. नानांनी तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, लाजतात, थोडं थांबू. थांबले. पुन्हा घास नेला. पुन्हा भिंत. वरण गार झालं, मी गरम करून आणलं. गोळी डबीतच होती. मला अमरावतीचा दिवस आठवला, जीप आठवली. तिला बोलावू कसं? ती आता कुठल्यातरी बाकावर नाव पुकारायची वाट बघत बसलेली असणार. आणि नाना आजही नाही जेवले तर ती पुन्हा कधी कुठे जाणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. नानांनाही माहीत होतं.

"काल उड्या मारल्या ते काय खोटं होतं काय?" मी ओरडले. मोठ्या माणसावर असं ओरडतात का? पण ओरडले. "खोट्या शिपायाले मारणं सोपं हाय, नाना! आता तोंड उघडा न!"

नाना भिंतीकडेच बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उशीत गेलं. त्यांना नकार द्यायचा नव्हता. त्यांना जमत नव्हतं. माझ्या रागाची मलाच लाज वाटली आणि मी ताट घेऊन उठले.

उठल्यावर समोर स्टुलावरचा टीव्ही दिसला. मी तारा जोडल्या. नानांना टेकून बसवलं, मांडीवर उशी, उशीवर रिमोट. मी त्यांच्या उजवीकडे पलंगावर बसले, रोजच्यासारखी, खांद्याला खांदा लावून, दोघांची तोंडं पडद्याकडे. ताट माझ्या मांडीवर. शिपाई चालू लागला. डाव्या हाताने मी गोळ्या मारत होते, उजव्या हाताने चमचा भरला आणि त्यांच्याकडे न बघता, अंदाजाने, त्यांच्या तोंडाशी नेला.

चमचा हवेत राहिला. आमचा शिपाई पुलापर्यंत गेला. नानांनी माझ्या बोटाला टोचलं, उडी. मी उडी मारली. आणि चमचा जड होता तो हलका झाला.

मी वळून बघितलं नाही. दुसरा घास दिला. त्यांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून काहीतरी कोमट माझ्या खांद्यावर पडलं, ओढणीतून आत गेलं. आम्ही दोघंही समोर बघत राहिलो. दुश्मन येत होते. ताट रिकामं झालं तेव्हा आम्ही तिसऱ्या स्टेजला होतो. गोळी दिली, पाणी दिलं. मग कुठे मी शिपायाला निवांत मरू दिलं.

संध्याकाळच्या एसटीने सुनीताई आली. मुलाखत कशी झाली, नोकरीचं काय, काहीच न सांगता तिने फाटकातूनच विचारलं, "नाना जेवले?"

मी ओढणीचा खांदा पुढे केला. वाळलेल्या वरणाचा पिवळा डाग. तिने तो बोटाने खरवडून बघितला, जणू मी खोटं बोलेन, आणि मग तिथेच कपाळ टेकवून उभी राहिली.

लग्नाआधी मी मथुराबाईला नानांच्या उजवीकडे बसायला शिकवलं. समोर बसायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही, आणि कोणतं बटण उडीचं. ती म्हणे, माह्यानं हे जमणार नाई बापा. म्हातारपणी गोळीबार कुठे करू! मी सोडलं नाही.

दारव्ह्याहून मी पहिल्यांदा माहेरी आले ती भर दुपारी. पिशवी घेऊन गल्लीत शिरले तर समोरच्या घरातून मथुराबाई ओरडत होती, "नाना, थांबा न! मी अजून इकडंच हाय!" मी सवयीने त्यांच्या दाराकडे बघितलं. मथुराबाईच्या स्लिपर होत्या. शेजारी, जिथे कायम सुनीताईचा जोड असायचा, तिथे फरशीवर नुसती रिकामी जागा होती.

मी अम्मीला हाक मारायची विसरून तिथेच उभी राहिले आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत रडले.